खर्जाची कैफियत

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात एखादी गोष्ट फार आवडली की 'नाद खुळा' असं म्हणतात. परगावच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगणं अवघड जातं. पण तोच माणूस विसर्जनाच्या मिरवणुकीत दहा मिनिटं रस्त्याच्या कडेला उभा राहिला, तर समजावून सांगायची गरज उरत नाही. हा वाक्प्रचार नसून वस्तुस्थितीचं निवेदन आहे, हे त्याच्या छातीला आपोआप कळतं. नाद खरोखरच खुळा झालेला आहे आणि त्याला दाव्याला बांधायला कोणी तयार नाही.

यात सगळ्यांत मोठा अन्याय कुणावर झाला असेल तर तो खर्जावर. खर्ज म्हणजे खालचा, जाड, गंभीर सूर. वर्षाचे अकरा महिने त्या बिचाऱ्याला कोणी विचारत नाही आणि बाराव्या महिन्यात त्याच्या नावावर दंगा केला जातो. एखाद्या पापभीरू मास्तरांच्या आधारकार्डावर भलत्यानेच कर्ज उचलावं आणि जप्तीची नोटीस मात्र मास्तरांच्या दारावर लागावी, तशातला हा प्रकार. या खर्जाचं वकीलपत्र मी घेतलं आहे. सनद माझ्याकडे नाही, मी साधा बी. कॉम. आहे, पण दोन महिन्यांपूर्वी मी आखूड मापाची एक इलेक्ट्रिक बेस गिटार विकत आणली. अशिलाला स्वतःच्या पैशाने विकत घेऊन घरात ठेवणारा वकील माझ्या पाहण्यात तरी दुसरा नाही.

'बेस' हा शब्द कोडोलीत सर्वांना ठाऊक आहे, हीच माझी पहिली अडचण. "बेस आणलाय," असं म्हटल्याबरोबर शेजारचे आण्णा दारात येऊन म्हणाले, "मग शोकेसच्या काचा काढून ठेवू का?" बेस म्हणजे ज्याने काचा हलतात, पत्रे थरथरतात आणि म्हाताऱ्या माणसांना देव आठवतो तो, एवढीच त्याची ओळख. वाद्य म्हणून त्याला कोणी धरतच नाही; लोकांनी त्याला भूकंपाच्या खात्यावर जमा करून टाकलं आहे.

घरातले प्रश्न निराळे होते. खोका उघडल्याबरोबर सौ.ने आधी तारा मोजल्या.

"चारच?"

"चारच असतात."

"साध्या गिटारला सहा असतात ना?"

"असतात."

"अहो, मग दोन तारा कमी आणि पैसे जास्त?"

सोळा हजार भागिले चार म्हणजे तारेमागे चार हजार, हा हिशेब तिने तोंडी केला. बँकेत मी बसतो, पण ऑडिट घरी होतं. नववीतल्या मुलीने वाद्य सगळ्या बाजूंनी न्याहाळून विचारलं, "बाबा, ही लहान गिटार मोठी झालीय, की मोठी गिटार लहान झालीय?" तिचा प्रश्न शास्त्राला धरून होता आणि त्याचं उत्तर पुढे येणारच आहे.

आधी प्रथमदर्शनी जे दिसलं ते सांगतो. वजन साधारण साडेतीन किलो. पट्टा गळ्यात अडकवून उभं राहिलं की वाद्याचं डोकं हळूहळू जमिनीकडे झुकतं. दुपारच्या जेवणानंतर काउंटरवर बसलेल्या माणसाची जशी मान कलते, तसं. डाव्या हाताने ती मान सावरायची आणि त्याच हाताने सूरही काढायचे. सगळ्यांत जाड तार अडीच मिलिमीटरहून थोडी जास्तच आहे. आमच्या अंगणातली कपडे वाळत घालायची तार तिच्यापुढे नाजूक वाटते. उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांनी त्या तारा ओढायच्या असतात. याच दोन बोटांनी मी वर्षानुवर्षं नोटा मोजल्या. मोजायचं यंत्र आल्यापासून ती तशी रिकामीच होती. आठ दिवसांत दोन्हींना फोड आले, पंधरा दिवसांत घट्टे पडले आणि आता त्यांना परत नोकरीला लागल्यासारखं वाटत असावं.

तारांच्या खाली लोहचुंबक असतो आणि त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी. वरची पोलादी तार हलली की गुंडाळीत किंचितशी वीज उमटते. ती केबलमधून पेटीत जाते आणि पेटी तिचा मोठा आवाज करते. पेटीला न जोडता वाजवलं तर शेजारच्याला काय, वाजवणाऱ्यालाही धड ऐकू येत नाही. संसारी माणसासाठी याहून सोयीचं वाद्य निघालेलं नाही. रात्री अकरा वाजता घर झोपलेलं असताना मी पलंगाच्या काठावर बसून तासभर वाजवतो आणि सकाळी कोणाच्या कपाळाला आठी नसते. हेच ट्रम्पेटच्या बाबतीत करून बघा.

आता आखूडपणाबद्दल. मराठी भाषेत आखूड माणसाला मान नाही. आखूड पायजमा चेष्टेचा, आखडता हात निंदेचा. दुकानातला मुलगाही मला समजावत होता, "साहेब, हे नवशिक्यांचं माप. खरा बेस चौतीस इंची." हे चौतीस इंच म्हणजे घोडीपासून गळ्याच्या वरच्या टोकापर्यंत तारेची जेवढी लांबी वाजते ती. अमेरिकेतल्या लिओ फेंडर नावाच्या गृहस्थाने १९५१ साली पडद्यांचा इलेक्ट्रिक बेस बाजारात आणला, त्याचं हे माप. तेव्हापासून जगाने ते प्रमाण मानलं. माझं वाद्य तीस इंची. फरक चार इंचांचा, म्हणजे दहा सेंटिमीटर. पण सूर तेच. लांबी कमी केली की तोच सूर मिळवण्यासाठी ताणही कमी करावा लागतो. तार तीच ठेवली तर तीस इंचांवर हा ताण सुमारे बावीस टक्क्यांनी कमी भरतो. पंचेचाळिशीला आलेल्या माणसाचा ताण बावीस टक्क्यांनी कमी करून देईल असा डॉक्टर मला तरी भेटलेला नाही. पडदेही जवळ आलेले असतात, त्यामुळे करंगळीला पाय लावून पळावं लागत नाही. तार सैल असल्याने सूर जरा गुबगुबीत, गोल निघतो. सगळ्यांत खालच्या तारेवर तो किंचित गढूळ होतो, हे कबूल. वारणेचं पाणीही पावसाळ्यात गढूळ होतं, म्हणून कोणी नदी बदलत नाही.

आखूड म्हणजे कमअस्सल, असं मानणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की जगातला सर्वांत प्रसिद्ध बेस आखूडच आहे. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हँबुर्गमध्ये व्हायोलिनच्या आकाराचा एक जर्मन बेस घेतला, तो तीस इंचांच्या आसपासचाच. १९७२ साली तो लंडनमध्ये चोरीला गेला आणि पन्नासहून अधिक वर्षांनी सापडला. तो मालकाकडे परत आल्याची बातमी २०२४ च्या फेब्रुवारीत जगभर झळकली. चौतीस इंची कितीतरी वाद्यं दरसाल चोरीला जात असतील, त्यांची अशी वाट कोण पाहतं? आपल्याकडे गाय घेताना काय मागतात? आखूडशिंगी, बहुदुधी. आखूड शब्दाला मराठीत मान असलेली ही एकच जागा, आणि ती दुधाच्या गावाजवळ राहणाऱ्या मला आठवली नसती तरच नवल.

पण हा माझ्या वाद्याचा मान झाला. मला बोलायचंय ते खर्जाच्या मानाबद्दल.

आमची मुलगी गाते. घरात एक छोटा कीबोर्ड आहे, त्यावर ती भावगीतं वाजवत म्हणते. तिसऱ्या आठवड्यात मी तिच्यामागे नुसते षड्ज आणि पंचम धरायला लागलो. म्हणजे सबंध गाण्यात दोन सूर. बाकी माझ्या हातून निघण्यासारखे नव्हतेच. तेवढ्यावर गाणं बदललं. मघापर्यंत हवेत भिरभिरणारी चाल खाली उतरून पाटावर बसली. आतल्या खोलीतून सौ. म्हणाली, "आज बरं गातेय." मी वाजवायचा थांबलो तर म्हणाली, "का गं, दमलीस?" माझ्याबद्दल एक अक्षर नाही! खर्जाचं नशीब ते हेच. असतो तेव्हा दुसऱ्याचं गाणं बरं होतं आणि नसतो तेव्हा दुसराच दमलेला वाटतो. बँकेत ज्या दिवशी जमाखर्च पैशाला पैसा जुळतो, त्या दिवशी आजवर कोणी क्लार्कला हार घातलेला नाही. दोन रुपयांचा फरक निघू द्या, मग बघा त्याचं नाव किती जणांच्या तोंडी येतं.

तसं पाहिलं तर खर्ज ही आपल्याला परकी गोष्ट नाही. आमच्या गावापासून मिरज काही लांब नाही. तिथल्या सतारमेकरांनी पिढ्यान् पिढ्या देशभरच्या गवयांना तंबोरे पुरवले आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या तंबोऱ्यालाही चारच तारा असतात, आणि शेवटची जाड तार खर्जाची. काळी एकच्या तंबोऱ्यात ती सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते. माझ्या बेसवर तिसऱ्या तारेच्या चौथ्या पडद्याशी बोट ठेवलं की नेमका तोच सूर येतो. मिरज आणि अमेरिका एकमेकांना न विचारता एकाच जागी येऊन थांबली! गवई पहाटे उठून करतात तो रियाज खर्जाचा. भजनात पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, ती त्याला खालचा सूर मिळावा म्हणून. ज्या समाजाने खर्जासाठी पोळीतली कणीक काढून दिली, त्याला खर्ज कळत नव्हता असं कोण म्हणेल?

आणि आमच्या मातीत तर हलगी-घुमकं आहे. कुस्तीच्या मैदानात हलगी कडाडली की पैलवानाच्या आधी प्रेक्षकांच्या मांड्या फुरफुरतात. हलगीचं कौतुक सगळे करतात. घुमक्याचं कोणी केलेलं मी ऐकलं नाही. खालून घुमणारा तो आवाज काढून घ्या, मग हलगी म्हणजे पत्र्यावर पडलेली गारपीट. मी वाद्य आणल्याचं कळल्यावर आमच्या ओळखीचे एक घुमकंवाले आजोबा बघायला आले. पेन्शनचं काम घेऊन ते बँकेत येतात, तेवढीच ओळख. मी चारही तारा वाजवून दाखवल्या. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "ह्ये तर आमचं घुमकंच की वो, साहेब. निस्ती वायर लावलीया." दोन महिन्यांत वाद्याची याहून नेमकी व्याख्या मला कोणी दिली नाही. चहा पिताना मी विचारलं, "यंदा सुपाऱ्या किती?" ते बशीत बघत म्हणाले, "यंदा न्हाई. पोरास्नी डॉल्बी लागतोय."

इथे माझ्या अशिलाची दुसरी तक्रार सुरू होते.

डॉल्बी हे आडनाव आहे. रे डॉल्बी नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली. त्या कंपनीचं पहिलं उत्पादन काय होतं? ध्वनिमुद्रणातली नको असलेली खरखर कमी करणारं यंत्र. पुढे कॅसेटच्या जमान्यात टेपरेकॉर्डरवर त्याच्या नावाचं बटण असे, ते दाबलं की सूं सूं आवाज दबत असे. ज्या माणसाने आयुष्यभर गोंगाट कमी करायचं काम केलं, त्याचं नाव आमच्या भागात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या कर्ण्यांच्या भिंतीला दिलं गेलं. त्या भिंतीशी त्या कंपनीचा काडीचा संबंध नाही. हे म्हणजे दारूच्या दुकानाला महात्मा गांधींचं नाव दिल्यासारखं झालं. डॉल्बीसाहेब वारले १२ सप्टेंबर २०१३ रोजी. पंचांग काढून पाहा, ऐन गणपतीचे दिवस होते. इकडे काय चाललंय हे त्यांच्या कानावर गेलं नसेल, अशी मी आशा करतो.

या भिंतीतून जो 'बेस' निघतो त्याला खर्ज म्हणायला माझी हरकत आहे, पण जरा शास्त्रही बघू. खालच्या सुराची लाट लांब असते. माझ्या बेसची सगळ्यांत खालची मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा हलते. हवेत तिची एक लाट आठ मीटरहून लांब होते. माझं घरच तेवढं लांब नाही. एवढी लाट दारं-खिडक्या लावून अडत नाही. बारीक, चिरका आवाज भिंतीला अडखळतो. जाड आवाज भिंतीतून पाहुण्यासारखा आत येतो आणि पलंगावर बसतो. म्हणून "त्रास होत असेल तर खिडक्या लावून घ्या" हा सल्ला देणाऱ्याने आधी शाळेचं भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडावं.

कायदा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं. डेसिबल ही काय चीज आहे हे कॉमर्सच्या माणसाला चटकन समजतं, कारण ती चक्रवाढीची भावंडं आहेत. दहा डेसिबल वाढले की आवाजातली शक्ती दहा पट होते. वीस वाढले की शंभर पट. समजा, ५५ च्या जागी मीटरने १०५ दाखवले. लोक म्हणतात, "दुपटीला पाच कमी, एवढंच ना?" नव्हे. पन्नास डेसिबल म्हणजे एक लाख पट! अशी वाढ देणारी ठेव योजना कोणत्याही बँकेने काढली तर मी आजच राजीनामा देऊन तिथे ठेवीदार होईन.

आणि यात आणखी एक मेख आहे. हे डेसिबल 'ए' नावाच्या मोजपट्टीने मोजायचे असा नियम आहे. माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून ही पट्टी खालच्या सुरांना सूट देते. सेकंदाला ५० कंपनांच्या सुराला सूट किती? जवळजवळ तीस डेसिबल! म्हणजे शक्तीच्या हिशेबात हजारातला एक भाग पुस्तकात येतो, नऊशे नव्व्याण्णव हिशेबाबाहेर. कान कमी ऐकतो हे खरं. पण खिडकीचं तावदान, कौलं आणि छातीचा पिंजरा 'ए' पट्टी शिकलेले नाहीत. मीटरवर आकडा बेताचा आणि आजीच्या उशाशी तांब्या-भांडं नाचतंय, याचं कोडं इथे उलगडतं. ऑडिटमध्ये असा ताळेबंद कोणी मांडला असता तर त्याला आम्ही घरी बसवला असता.

यावर मंडळातली पोरं काय म्हणतात ते मला तोंडपाठ आहे. पोरं वाईट नाहीत. रक्तदानाला हीच येतात, पूर आला की हीच कंबरभर पाण्यात उतरतात. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालावासा वाटतो. वाईट माणसाशी कोण वाद घालतो!

पहिलं म्हणणं : "काका, वरसातनं एकदाच असतंय की." गणपती येताना एकदाच, जाताना एकदाच, नवरात्रात एकदाच, प्रत्येक जयंतीला एकदाच, प्रत्येक वरातीला एकदाच, भाऊंच्या वाढदिवसाला एकदाच आणि निवडणुकीच्या निकालाला एकदाच. अशा 'एकदाच'ची बेरीज केली की वर्ष संपतं. आणि कानाला तेवढं 'एकदाच'ही पुरतं. अमेरिकेत कामगारांच्या कानांसाठी एक हिशेब सांगितला जातो : ८५ डेसिबल असतील तर आठ तास, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. १०० ला पोचेपर्यंत हाती पंधरा मिनिटं उरतात. ट्रॉलीवर कर्ण्याला टेकून सहा-सहा तास बसणारी पोरं या हिशेबात कुठे बसतात ते त्यांनीच मांडून बघावं. आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. डोक्यावरच्या केसांना निदान टोपी घालता येते.

दुसरं म्हणणं : "परंपरा हाय." कुठली परंपरा? सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ पासूनचा धरतात. त्या काळी मेळे गात असत. पदं रचली जात, पोरं ती पाठ करत. ट्रॉलीवरच्या भिंतीला परंपरा म्हणायचं तर माझ्या मोबाइलला वंशपरंपरागत वतन म्हणावं लागेल.

तिसरं म्हणणं : "मग नाचायचं कशावर?" याचं उत्तर आमच्या डोक्यावर उभं आहे. कोडोलीहून वर बघितलं की जोतिबाचा डोंगर. चैत्र यात्रेला तिथे एवढाल्या उंच सासनकाठ्या नाचवतात. हलगी आणि पिपाणीच्या तालावर घामाघूम होऊन माणसं नाचत आली आहेत, आणि गुलालाने डोंगर लाल होतो. एवढा मोठा देव ज्यावर नाचवला, त्यावर तुमचे पाय का उचलत नाहीत?

चौथं म्हणणं ही पोरं बोलत नाहीत, पण मला ते काउंटरवरून दिसतं. भिंत घेतलेल्या पोराने कर्ज काढलेलं असतं आणि हप्ता महिन्याला सुटत नाही. हे म्हणणं खरं आहे आणि त्याची थट्टा करायची माझी छाती नाही. पण त्याच न्यायाने घुमकंवाल्या आजोबांचंही पोट होतं. त्यांनी तर कर्जही काढलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांचं बुडालेलं कुठल्याच वहीत दिसत नाही. शिवाय कर्णे विकून टाका असं म्हणतोय कोण? सभा, व्याख्यानं, शाळेची संमेलनं आहेत. नेमस्त आवाजात तेच कर्णे सुंदर वाजतात. आवाजाची खुंटी डावीकडेही फिरते, एवढंच कोणीतरी सांगायला हवं.

पाचवं म्हणणं खास माझ्यासाठी राखून ठेवलेलं आहे : "पण काका, तुमीबी बेसच घ्येतलाय की!" हो, घेतलाय. विळी घरोघरी असते. म्हणून घरोघरी खून पडत नाहीत. माझी पेटी पंधरा वॅटची आहे आणि तिच्यावर आमचं मांजर झोपतं.

खर्ज मागे राहतो आणि गप्प राहतो, म्हणूनच त्याच्यावर हे दोन्ही अन्याय खपून जातात. सगळ्या जगाची हीच रीत आहे. अमेरिकेत मोटाउन नावाच्या कंपनीची साठच्या दशकातली किती गाणी गाजली! त्यांतल्या बहुतेकांचा खर्ज जेम्स जेमर्सन नावाच्या माणसाचा. तबकड्यांवर वादकांची नावंच छापत नसत. त्याचं नाव यायला १९७१ साल उजाडलं. १९८३ साली कंपनीचा पंचविसाव्या वर्षाचा मोठा समारंभ झाला, तेव्हा तो तिकीट काढून प्रेक्षकांत मागे बसला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो वारला. आपल्याकडे सत्तरच्या दशकात राहुल देव बर्मनच्या गाण्यांत टोनी वाझ बेस वाजवत. ती गाणी तुम्ही-आम्ही हजारदा गुणगुणलो. वाझ हे नाव दहा जणांना विचारा, नऊ जण पोस्टमन समजतील.

आता मागण्या. कैफियतीला मागण्या असाव्या लागतात, नाहीतर ती निबंधात जमा होते. पहिली : मिरवणुकीत आवाज मोजताना 'ए' बरोबर 'सी' पट्टीचा आकडाही लिहावा. ती पट्टी बहुतेक चांगल्या मीटरवर असते आणि ५० कंपनांच्या सुराला ती जेमतेम सव्वा डेसिबल सूट देते. मग आजीच्या तांब्या-भांड्याची साक्ष रेकॉर्डवर येईल. दुसरी : प्रत्येक मंडळाने भिंतीच्या भाड्यातली निम्मी रक्कम हलगी-घुमक्याच्या ताफ्याला द्यावी आणि पावतीवर घुमकंवाल्याचं नाव आधी लिहावं. तिसरी : मुलांना खर्ज शिकवावा. हे आमच्या भागाला जड नाही. शेजारी वारणानगर आहे. तात्यासाहेब कोरे यांनी साखर आणि दुधाबरोबर मुलांचा वाद्यवृंदही उभा केला आणि उसाच्या पट्ट्यातली पोरं देशोदेशी वाजवून आली. ज्या मुलाने एकदा स्वतःच्या बोटांनी खालचा सूर धरून दुसऱ्याचं गाणं सावरलंय, तो पुढे मोठा होऊन त्याच सुराने दुसऱ्याची झोप मोडणार नाही, असा माझा विश्वास आहे. त्यासाठी तीस इंची बेस मुलांच्या हाताला नेमका बसतो, हे अनुभवाने सांगतो.

खर्जाचं काम खाली राहून वरच्याला उचलून धरण्याचं आहे. पाया घराखाली असतो तोवरच त्याला पाया म्हणतात. तेच दगड उचलून शेजाऱ्याच्या डोक्यात घातले, तर त्याला बांधकाम म्हणत नाहीत. त्याची फौजदारी होते.